चातुर्मासातला ट्रंपेट: सोसायटीच्या हॉलमध्ये बरोक सोनाटा कसा बसवायचा

पहिल्या तालमीला आमच्या ट्रंपेटवाल्याने पहिला सूर लावला आणि चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून एका पोराने ओरडून विचारलं, "घोडा कुठाय?" त्याचं काय चुकलं? ठाण्याच्या नौपाड्यात ट्रंपेट वाजला की वरात आली, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही मात्र सोसायटीच्या हॉलमध्ये हेन्री पर्सेल या इंग्रज संगीतकाराचा डी मेजरमधला (म्हणजे डी हा सा धरून रचलेला) ट्रंपेट सोनाटा बसवत होतो, लंडनमध्ये १६९४च्या आसपास, म्हणजे बरोक म्हणतात त्या काळात लिहिलेला. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या आवाजाचा भाऊ), एक चेलो, कीबोर्ड आणि तो ट्रंपेट. सहा माणसं, सहा-सात मिनिटांचं संगीत, आणि बसवायला लागले साडेतीन महिने. त्यातला निम्मा वेळ नको ते करण्यात गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

मी वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. संगीतशिक्षक वगैरे नाही. दुसरं व्हायोलिन वाजवतो, म्हणजे ट्रंपेट मोठा झाला की सगळ्यात आधी बुडतो तो माणूस मी. तेव्हा पुढच्या सल्ल्यात थोडा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

काय वाजवायचं

सोनाटा म्हणजे शब्दशः 'वाजवलेलं'. गायलेलं ते कान्टाटा, वाजवलेलं तो सोनाटा. सतराव्या शतकात त्याची ढोबळमानाने दोन घराणी होती. एक चर्चसाठी: संथ, जलद, पुन्हा संथ, पुन्हा जलद. दुसरं दिवाणखान्यासाठी: नाचाच्या चालींची माळ. ट्रंपेट घातलेला सोनाटा या दोन्ही घरांत जरा पाहुण्यासारखाच वावरतो, कारण ट्रंपेट मुळात फौजेचं आणि दरबाराचं वाद्य. इटलीत तो सोनाट्यात रुळला बोलोन्यात, सान पेत्रोनियोच्या प्रचंड चर्चमध्ये. तिथल्या मौरित्सिओ कात्साती या संगीतप्रमुखाने १६६५ साली सोनाट्यांचा एक संग्रह छापला, त्यात काही ट्रंपेटचे होते. १६८६पासून ज्युसेप्पे तोरेल्ली हा संगीतकार तिथे होता आणि त्याने तर ट्रंपेट आणि तंतुवाद्यांसाठी ढीगभर लिहिलं. ४ ऑक्टोबरला त्या संताचा सण असतो. आपल्याकडे पालखीपुढे तुतारी हवीच, तसा तिथे सणाला ट्रंपेट.

पण सुरुवात तोरेल्लीपासून करू नका. ट्रंपेटचं काम लांबलचक असतं आणि वादकाचे ओठ थकले की बाकी पाच जणांनी कितीही जीव तोडून वाजवलं तरी उपयोग नाही. पर्सेलचा सोनाटा घ्या, झिमरमनने केलेल्या पर्सेलच्या रचनांच्या सूचीत क्रमांक ८५०. तीन भाग आहेत आणि मधल्या संथ भागात ट्रंपेट पूर्ण गप्प असतो. या गप्प बसण्याबद्दल पुढे बरंच बोलणार आहे, कारण आमचं सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

व्हायोला वाजवणारं कुणी मिळत नसेल (ठाण्यात मिळणं कठीणच) तर कोरेल्ली या इटालियन संगीतकाराचा ट्रंपेट सोनाटा बघा. तो ट्रंपेट, दोन व्हायोलिन आणि खर्जाची बाजू एवढ्यातच भागतो. साल्झबर्गच्या हाइनरिश बीबरने १६७६ साली बारा सोनाट्यांचा संच छापला, 'वेदीपुढे आणि दरबारात, दोन्हीकडे चालतील असे'. काहींत ट्रंपेटही आहे. फार सुंदर, पण ते दुसऱ्या वर्षी.

नोटेशन आयएमएसएलपी या फुकट ग्रंथालयात मिळतं. पर्सेल १६९५ साली गेला, त्यामुळे त्याच्या संगीतावर कुणाचा हक्क उरलेला नाही. कुणी नव्याने संपादित केलेली प्रत मात्र उचलू नका, जुनी छापील किंवा संपादकाने मोकळी ठेवलेलीच घ्या. झेरॉक्सवाल्याला ए-फोरची दोन पानं शेजारी ठेवून ए-थ्रीवर काढायला सांगा. पानं उलटायची कटकट वाचते. दर पाचव्या मापाला (माप म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला तालाचा खाना) पेन्सिलीने आकडा घाला आणि सहाही प्रतींवर तेच आकडे आहेत ना ते स्वतः तपासा. आमच्या चेलोच्या प्रतीत एक माप दोनदा मोजलं गेलं होतं. "तेवीसपासून घेऊ" म्हटलं की ताई वेगळ्याच तेविसावर. दोन रविवार आम्ही एकमेकांच्या तालाला नावं ठेवत होतो.

माणसं आणि पंचांग

व्हायोलिन आणि चेलो आठवड्यातून एकदा रविवारी सकाळी जमतात. प्रश्न ट्रंपेटचा असतो. मुंबई-ठाण्यात ट्रंपेट खरा जिवंत आहे तो लग्नाच्या बँडमध्ये आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नांत. आमचा ट्रंपेटवाला कळव्याचा, बावीस वर्षांचा, बँडवाल्यांच्या घरातला. आजोबांनी वाजवलं, वडील वाजवतात. व्हायोला धरला तो मासुंद्याजवळच्या चर्चच्या क्वायरमधल्या अंकलनी. ते मूळचे व्हायोलिनवाले, पण एका ओळखीच्यांकडे व्हायोला धूळ खात पडला होता तो आणला आणि वेगळ्या क्लेफशी (ओळींवर कुठला सूर कुठे ते ठरवणाऱ्या खुणेशी) दोन आठवडे भांडून शेवटी वाचायला लागले.

बँडवाल्याला लग्नसराईत रविवार नसतो. म्हणून तालमी आषाढी एकादशीपासून सुरू करा. चातुर्मासात लग्नं बंद, पोरगा मोकळा. गणपतीचे दहा दिवस मात्र सोडून द्या, आणि विसर्जनानंतरचे तीन-चार दिवसही. आम्ही अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी हौसेने तालीम ठेवली. तो आला बिचारा, पण वरचा ओठ इडलीसारखा सुजलेला. चहा पिऊन गेला.

गंमत अशी की ट्रंपेटला जो काळ सोयीचा तोच व्हायोलिनला वाईट. आषाढ-श्रावणात खुंट्या फुगून जागच्या हलत नाहीत, गजाचे केस दमट होऊन लांबतात आणि पीळ कितीही दिला तरी ढिले वाटतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्याने बदला. वाजवून झाल्यावर गज सैल करायला विसरू नका. तालीम सुरू व्हायच्या अर्धा तास आधी हॉलमध्ये वाद्यं उघडून ठेवली की सूर नंतर कमी सरकतात. पंखा चालू असेल तर कपड्यांचे चिमटे न्या, प्रत्येकी चार. कागदाच्या मागे धावणारा वादक आम्ही पाहिलाय.

सात फुटांची नळी

आता मुख्य गोष्ट. ही न करता आम्ही महिनाभर वाजवलं आणि सगळंच बेंगरूळ लागत होतं.

पर्सेलच्या वेळच्या ट्रंपेटला व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबून सूर बदलायच्या कळा, नव्हत्या. व्हॉल्व्हचं पेटंट जर्मनीत १८१८ साली झालं, म्हणजे हा सोनाटा लिहून सव्वाशे वर्षं उलटल्यावर. तेव्हाचा ट्रंपेट म्हणजे नुसती लांब पितळी नळी, दुमडलेली. आजच्या बी-फ्लॅट ट्रंपेटची नळी सरळ केली तर सुमारे दीड मीटर भरते. तेव्हाच्या डी ट्रंपेटची दोन मीटरच्या वर. वादकाकडे फक्त ओठ. ओठ आवळले की नळी वरच्या सुरावर उडी मारते. आपली तुतारी हेच करते.

हे सांगून कळत नाही. जांभळी नाक्याला हार्डवेअरच्या दुकानात जा, अर्धा इंची पाण्याची नळी सात फूट घ्या आणि एक प्लास्टिकचं नरसाळं. ट्रंपेटच्या माउथपीसला इन्सुलेशन टेपचे वेढे देऊन तो नळीत घट्ट बसवा. दुसऱ्या टोकाला नरसाळं. कीबोर्डवर डी दाबून ठेवा आणि नळी खाली वाटली तर अर्धा-अर्धा इंच कापत वर आणा. सूर अगदी चोख येणार नाहीत, पायऱ्या मात्र स्वच्छ कळतात.

सगळ्यात खालचा सा काढायच्या भानगडीत पडू नका, तो नुसता फुरफुरतो. त्याच्या वर पुन्हा सा, मग प, मग सा, मग ग, मग प. तानपुरा नीट जुळला की तारेवर कुणीही न लावलेला गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. नळीतला हा पाचवा सूर तोच गंधार. आमच्या कळवेकराला तानपुऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण माझ्या बायकोने घरचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून दिला आणि त्याने नळीतून तोच ग बरोबर पकडला, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. सातवा सूर कोमल नि, पण हार्मोनियमच्या कोमल निपेक्षा उतरलेला. आठव्यापासून वर मात्र सूर जवळजवळ येतात: सा, रे, ग, मग अकरावा एक विचित्र मध्यम, ना शुद्ध ना तीव्र, दोहोंच्या मधोमध लोंबकळणारा. मग प. तेरावा धैवत, तोही ना कोमल ना शुद्ध. मग पुन्हा तो उतरलेला कोमल नि, मग शुद्ध नि, आणि सोळावा तार सा.

म्हणजे खालच्या भागात नुसता बिगुल, आणि सरगम हवी असेल तर अगदी वर चढायला हवं. त्या काळच्या ट्रंपेटची चाल इतक्या उंचावर का असते, ते इथे कळतं. ती पट्टी सोडून दुसऱ्या पट्टीत त्याला जाता येत नाही, म्हणून मधला संथ भाग दुसरीकडे वळला की ट्रंपेट बाजूला बसतो. आणि इतक्या उंचावर रेटून वाजवता येत नाही. रेटलं की सूर फुटतो. जुने वादक वरच्या पट्टीत नाजूक वाजवायचे म्हणूनच व्हायोलिनबरोबर त्यांचं जमत होतं. नळीतून वरचे सूर काढायला गेलो की हे आपोआप पटतं. जोर लावला की फुस्स. मी मोजून तीन सूर काढले आणि मला गरगरलं.

सा कुठला?

कळवेकर नोटेशन वाचतो, पण अडखळत. वाजवतो ते कानाने आणि सरगमने. पहिला प्रश्न त्याने विचारला तो बरोबर होता: "काका, सा कुठला?"

बी-फ्लॅट ट्रंपेटवर लिहिलेला सूर प्रत्यक्षात एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतो. सोनाटा डीमध्ये, तर त्याला लिहून द्यायचं ईमध्ये, चार शार्प (स्वर अर्ध्याने चढवायच्या खुणा) घालून. ते चार शार्प बघूनच तो मागे सरकला. मग आम्ही शहाणपणा केला आणि सगळा सोनाटा एक स्वर खाली, सीमध्ये आणला, की त्याला दोनच शार्प राहतील. त्याचं काम सोपं झालं आणि आमची व्हायोलिनं ओल्या पापडासारखी वाजायला लागली. कारण व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारांपैकी दोन आहेत डी आणि ए. सोनाटा डीमध्ये असेल तर सा आणि प या तारा कुणी न छेडता झंकारत राहतात, तरफेच्या तारांसारख्या. सीमध्ये ते सगळं गेलं. दोन आठवड्यांनी मुकाट्याने परत डीवर आलो. तुम्ही हा फेरा मारू नका.

उपाय सोपा निघाला. त्याच्या प्रतीवर प्रत्येक सुराखाली सरगम लिहून दिली आणि बोटं सरगमशी बांधली. मधला सा म्हणजे लिहिलेला ई, एकही व्हॉल्व्ह न दाबता. रे दुसरा व्हॉल्व्ह. ग दुसरा-तिसरा. म पहिला-दुसरा. प पुन्हा दुसरा. सा खालचा नि दुसरा, ध पहिला-दुसरा, खालचा प दुसरा. दोन दिवसांत त्याच्या बोटात बसलं. शार्प-बिर्प काही राहिलंच नाही. अंकलना हे थोडं लागलं, त्यांच्या मते नोटेशन नोटेशनसारखंच वाचावं. असेल. पण सप्टेंबरात पोरगा बरोबर वाजवत होता.

सूर लावताना कीबोर्डचा ए घ्या. ट्रंपेटवाल्याने लिहिलेला बी वाजवायचा, तो ए म्हणूनच ऐकू येतो. बरोकवाले आजकाल ए अर्ध्या स्वराने खाली, ४१५ हर्ट्झवर लावतात, आणि कीबोर्डवर ट्रान्सपोज उणे एक केलं की तो मिळतोही. पण आजचा ट्रंपेट ४४०चा. सगळे ४४०वरच राहा.

खर्ज आणि आकडे

कीबोर्डवाल्याच्या कागदावर नुसती डाव्या हाताची ओळ असते आणि तिच्याजवळ बारीक आकडे. घाबरायचं कारण नाही. आकडा नसेल तर त्या स्वरावरचा तिसरा आणि पाचवा. सहा लिहिलं असेल तर तिसरा आणि सहावा. चार-तीन असेल तर आधी चौथा धरून ठेवायचा, मग तिसऱ्यावर सोडायचा. नुसता शार्प असेल तर तिसरा स्वर चढा. एवढ्यावर पर्सेलचं बरंचसं निभतं. उजव्या हाताने काय भरायचं ते वाजवणाऱ्यावर सोडलेलं असतं. चांगला पेटीवाला गायकाला साथ करताना काय करतो? मागे राहतो, श्वासाच्या जागी हळूच भरतो. तेच. व्हायोलिनच्या वर हात न्यायचा नाही. डाव्या हाताने चेलोबरोबर, तोच स्वर, त्याच क्षणी.

कीबोर्डमध्ये हार्पसिकॉर्डचा (पियानोसारख्या, पण तारा छेडणाऱ्या जुन्या वाद्याचा) आवाज असतो, तो लावा. माझ्या भाचीने एकदा घरची पेटीच आणली. चर्चमध्ये ऑर्गन चालतोच, तेव्हा भात्याच्या पेटीने तसं बिघडलं नसतं. पण ती पेटी ४४०ला नव्हती, मध्येच कुठेतरी होती. परत गेली.

छोटं वाजव

बँडच्या ट्रंपेटवाल्याचं शिक्षणच मुळी गोखले रोडवरच्या हॉर्नांवर मात करायचं असतं. त्याला "हळू वाजव" म्हणालो की तो फुंक कमी करायचा आणि सूर खाली पडायचा, थरथरायचा. त्याचा राग आणि माझा राग, दोन्ही वाढायचे. म्यूट (ट्रंपेटच्या तोंडात बसवायचं आवाज दाबणारं बूच) लावून बघितला तर आवाज डबक्यातल्यासारखा आणि सूरही सरकला.

चेलोवाल्या ताई व्यवसायाने दातांच्या डॉक्टर, समोरच्याला न दुखवता तोंड उघडायला लावायची त्यांना सवय. त्या त्याला म्हणाल्या, "हळू नको रे. छोटं वाजव. देवळातल्या घंटेसारखं." घंटेचा टोला स्पष्ट असतो आणि लगेच ओसरायला लागतो. त्याने तसं केलं. प्रत्येक लांब सूर सुरू पूर्ण आवाजात, आणि मग लगेच मागे घेतलेला. सुरांच्या मध्ये किंचित जागा. त्या जागेतून आमची व्हायोलिनं ऐकू यायला लागली. मला माझं स्वतःचं दुसरं व्हायोलिन पहिल्यांदा ऐकू आलं ते ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी.

व्हायोलिनवाल्यांचंही काम आहेच. गज मधल्या भागात ठेवा, सूर वेगवेगळे, उचललेले. एकसलग ओढलेला गज ट्रंपेटखाली चिखल करतो. सुराला सतत थरथर देऊ नका, शेवटच्या लांब सुरावर दिलीत तर पुरे. भाग संपताना जिथे नि वरून सा वर यायचं तिथे ट्रिल (शेजारच्या दोन सुरांची भराभर अदलाबदल) असतो, तो वरच्या स्वरापासून सुरू करा, आणि सगळ्यांनी सारख्याच वेगाने. जिथे व्हायोलिनने उचललेली चाल ट्रंपेट परत घेतो तिथे त्याने जिभेचा ठोका नेमका गज बदलतो त्याच जागी द्यायचा. हे एकेका वाक्यासाठी समोरासमोर बसून ठरवावं लागतं. आम्ही लावणीतल्या सवाल-जवाबासारखं केलं: पहिलं व्हायोलिन चार मापं, तो चार मापं, नक्कल जमेपर्यंत. वेळ लागतो, पण याच तालमीत मजा आहे.

बसायचं कसं? आमच्या हॉलला टाइल्स आणि काचेच्या खिडक्या, म्हणजे आवाज भिंतींवरून उड्या मारतो. जमिनीवर सतरंज्या घाला, दोन तरी. व्हायोलिनं पुढे, चेलो मध्ये, कीबोर्ड चेलोच्या खांद्याशी. ट्रंपेट पहिल्या व्हायोलिनच्या मागे सात-आठ फुटांवर, तोंड प्रेक्षकांकडे नाही, बाजूच्या पडद्याकडे. त्याला आम्ही एकच नियम दिला: पुढच्या ताईच्या गजाचा आवाज तुला ऐकू येत नसेल तर तू मोठा. बाकी खुणा, हातवारे, सगळं बंद. शेवटच्या खुर्चीवर एखाद्याला बसवा, संगीत कळणारा नसला तर उत्तमच, आणि त्याला विचारा, "काकांचं व्हायोलिन ऐकू येतंय का?" आमच्या वॉचमनने दोनदा प्रामाणिकपणे "नाही" सांगितलं.

एका तालमीचे दीड तास धरा आणि ट्रंपेटला त्यातली चाळीस मिनिटंच. सुरुवात तंतुवाद्यांची, मग ट्रंपेट आणि चेलो दोघंच, मग सगळे, अर्ध्या वेगात. त्याचे ओठ संपल्यावर आणखी एकदा घेऊ म्हणू नका.

गप्प बसायचा भाग

संथ भागात ट्रंपेट गप्प. यात शिकवायचं काय, असं मलाही वाटायचं. पण तिथेच तीन गोष्टी बिघडत होत्या.

एक म्हणजे मोजणी. बँडमध्ये तो कधी दहा मापं गप्प बसलेला नाही, मग रिकामी मापं मोजायची सवय कुठून असणार. पहिल्या आणि तिसऱ्या भागातही मध्येमध्ये विश्रांती आहेत, तिथे तो एक माप आधी घुसायचा. त्याच्या प्रतीवर प्रत्येक विश्रांतीच्या शेवटची दोन मापं पहिलं व्हायोलिन काय वाजवतंय ते सरगममध्ये लाल पेनाने लिहिलं. मोजायचं नाही, ऐकायचं. ती ओळ आली की श्वास घ्यायचा. प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट पाणी. फुंकलेल्या वाफेचं पाणी नळीत साठतं, ते काढायची चावी असते. त्याने संथ भागाच्या सगळ्यात कोमल जागी ती उघडून फुंकलं. सतरंजीवर डाग, हॉलमध्ये फुसकारा. पाणी काढायचं ते पहिला भाग संपल्याबरोबर, आम्ही पानं सरळ करत असताना.

तिसरी गोष्ट खरी महत्त्वाची, आणि ती कळायला सप्टेंबर उजाडला. तिसरा भाग सुरू झाला की ट्रंपेट नेमाने उतरलेला लागायचा. आम्ही त्याच्या कानाला दोष देत होतो. दोष एसीचा होता. पितळ आणि आतली हवा थंड झाली की ट्रंपेटचा सूर उतरतो. तारांचं उलट, गरम झाल्या की त्या उतरतात. आम्ही मन लावून संथ भाग वाजवत असताना तो ट्रंपेट मांडीवर आडवा ठेवून एसीच्या झोतात बसलेला. एसी २६वर आणला, तो झोतातून हलला, आणि शेवटच्या सात-आठ मापांत वाद्य तोंडाशी धरून आवाज न करता आत गरम श्वास सोडायला लागला. तिसरा भाग सुरात सुरू झाला. त्या रविवारी पहिल्या व्हायोलिनवाल्या ताईंनी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय." महिनाभर तो हेच धरून बसला होता.

त्या दिवशी

आम्ही कोजागिरीला वाजवलं. कमिटीला कार्यक्रम गच्चीवर हवा होता, चंद्राखाली. ऐकू नका. उघड्यावर ट्रंपेट पार स्टेशनपर्यंत जातो आणि व्हायोलिन तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. आधी खाली हॉलमध्ये सोनाटा, मग वर दूध, यावर तडजोड झाली. वेळ साडेआठची ठेवा. उशीर धरूनही रात्री १०च्या आत ट्रंपेट पेटीत गेलेला बरा, शेजारी आणि कायदा दोन्ही खूश.

सुरू करण्याआधी लोकांना दोन वाक्यांत सांगा की तीन भाग आहेत आणि मधल्यात ट्रंपेट वाजणार नाही. नाहीतर त्याचं काहीतरी बिघडलंय असं वाटून लोक त्याच्याकडेच बघत राहतात. आणि मसाला दूध वाजवून झाल्यावर, आधी नाही. गोड, सायीचं तोंड घेऊन फुंकलं की सगळं नळीत जाऊन चिकटतं. त्याने हे ऐकलं. चौथ्या मजल्यावरच्या त्या पोराने मात्र पहिल्या रांगेत बसून दोन पेले आधीच संपवले आणि तिसऱ्या भागाच्या मध्येच मोठ्याने सांगितलं की आता वरातीसारखं वाजतंय.

दुसऱ्या दिवशी तो माउथपीस धुवायला आणि व्हॉल्व्हला तेल घालायला आमच्याकडेच आला. बीबरच्या एका सोनाट्यात दोन ट्रंपेट लागतात असं मी सहज बोललो, तर म्हणाला चुलतभाऊ वाजवतो, विचारतो. पण आता तुळशीची लग्नं तोंडावर आली. पुढच्या आषाढीलाच.